आबांच्या कारखान्यात रात्री माऊस आपोआप फिरला! रिमोटचे पासवर्ड आणि परवानग्या कशा लावू?

काजूगर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहिते.

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी नऊ वर्षं हिशेब बघत होते. गेल्या वर्षी यांची बदली चिपळूणला झाली. नोकरी सुटलीच असं मी धरून चालले होते, पण मालक (आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो) म्हणाले, "पुस्तकां तूच लिव गो बाय. खय बसान लिवतस ता माका सांगू नको." तेव्हापासून रोज रात्री मुलगी झोपली की एनीडेस्कवरून (दुरून दुसरा कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) कारखान्याचा कॉम्प्युटर उघडायचा आणि टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिवसाच्या नोंदी करायच्या. बीची खरेदी, सोलणाऱ्या बायकांची मजुरी, २४० आणि ३२० नंबरच्या प्रतीच्या गराची विक्री. महिन्यातून एकदा कोकण रेल्वेने कुडाळला उतरून पुढे एसटीने जाते, कागद ताडून बघते. बरं चाललं होतं.

गेल्या शनिवारी रात्री राखणदाराला ऑफिसच्या खिडकीतून उजेड दिसला. (आमच्याकडे राखणदार दोन. एक पगारी, एक वडाखालचा देव. हा पगारी.) त्याने बॅटरी मारून बघितलं तर खुर्ची रिकामी, आणि स्क्रीनवर बाण फिरतोय, काहीतरी उघडतंय, मिटतंय. तो धावत आबांच्या घरी गेला. "आबानू, खुर्चेर कोणच नाय आणि मशीन आपसूक चलता!" रविवारी सकाळी आबांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. मला कळवलं सोमवारी.

मी त्या रात्री आत गेलेच नव्हते. मुलीला ताप होता.

सोमवारी नोंदी चाळल्या तर एका बी खरेदीच्या व्हाउचरमध्ये ४१२ किलोच्या जागी ४१२२ किलो. ऑफिसात बसणाऱ्या पोरावर आळ आला. आयटीआय झालेला, विशीतला मुलगा आहे. तो म्हणतोय, मी केलं नाही, तर आबांचा मुंबईचा भाचा फोनवरून सांगतो, त्याला काढून टाका. मला रात्री झोप नाही.

आता आमची अब्रू सांगते. एनीडेस्कचा पासवर्ड एकच आहे, २०१९ पासून तोच. तो मला माहीत, भाच्याला माहीत, कुडाळच्या सीएंच्या ऑफिसात माहीत, ज्याने बसवून दिलं त्या माणसाला माहीत. शिवाय यूपीएसवर चिकटपट्टी लावून लिहिलेला आहे. विंडोजला पासवर्डच नाही. मी एकदा विषय काढला होता, तर आबा म्हणाले, "आपल्याच घराक कुलूप कित्याक?" सगळे एकाच नावाने आत येतात आणि ते नाव अ‍ॅडमिन आहे. विंडोज १० होम. टॅली रात्रभर उघडीच असते, कारण मला सोयीचं पडतं.

कोणाला किती परवानगी द्यायची, पासवर्ड कोणाकडे ठेवायचे आणि शनिवारी कोण आलं होतं ते कळेल का? मी कॉम्प्युटरवाली नाही. पायरी पायरीने सांगा.

खाडीपलीकडे

आधी त्या पोराला फोन करा आणि नेटची वायर काढायला सांगा. कॉम्प्युटर बंद नको, फॉरमॅट तर मुळीच नको. नोंदी त्यातच असतात.

त्या मशीनवर नेटबँकिंग करता का? करत असाल तर बँकेचा पासवर्ड आजच बदला, पण त्या मशीनवरून नाही, आबांच्या मोबाइलवरून. अशा रिमोट अ‍ॅपमधून खाती रिकामी होतात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. एक रुपया जरी इकडचा तिकडे झालेला दिसला तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन. इथे उत्तरांची वाट बघत बसू नका.

मिस्त्री_कणकवली

ताई, माझा धंदाच हा आहे. सावंतवाडीपासून राजापूरपर्यंत दुकानांची, पतसंस्थांची मशीन्स सांभाळतो, आणि तुम्ही सांगितली तशीच अवस्था दहातल्या आठ ठिकाणी बघतो. तेव्हा लाज वाटून घेऊ नका.

शनिवारी कोण आलं ते आधी बघू. एनीडेस्क येणाऱ्या प्रत्येक जोडणीची एक ओळ लिहून ठेवतं. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅमडेटा नावाचा लपवलेला फोल्डर असतो. त्यात एनीडेस्कचा फोल्डर आणि त्यात 'कनेक्शन ट्रेस' नावाची टेक्स्ट फाइल. ओळीत तारीख, वेळ, समोरच्या मशीनचा नऊ-दहा आकडी एनीडेस्क नंबर, आणि तो आत कसा आला ते असतं: कोणी इथे बसून 'स्वीकारा' दाबलं, पासवर्ड टाकून आला, की टोकनने आला. टोकन म्हणजे कधीतरी पासवर्ड टाकताना 'यापुढे आपोआप लॉगिन' यावर टिक केली होती, तो साठवलेला पास. पोराला त्या फाइलचा फोटो पाठवायला सांगा. आणि तोवर त्याला कामावरून काढू देऊ नका.

आता पासवर्ड. तुमच्याकडे तीन वेगळी कुलपं आहेत आणि तुम्ही तिन्हींना एकच समजताय.

पहिलं विंडोजचं. तुमच्या होम आवृत्तीत विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप पाहुणा आत घेत नाही, त्याला प्रो आवृत्ती लागते. म्हणून 'प्रो घ्या, रिमोट डेस्कटॉप चालू करा' असं कोणी सांगेल. तुमच्या कामाला ते नको. त्यात तुम्ही आत आलात की तिथे बसलेल्या पोराचा स्क्रीन कुलूपबंद होतो, एका वेळी एकच. शिवाय तो बाहेरून चालावा म्हणून लोक राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून देतात. हे कधीही करू नका. २०१९ मध्ये त्याच रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाचं भोक सापडलं होतं, पासवर्ड न टाकताच आत घुसता येईल असं. मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात दुरुस्ती दिली, पण दुरुस्ती न घेतलेली मशीन्स लोकांनी तशीच उघडी ठेवली. उघडा पोर्ट दिसला की जगभरातून पासवर्ड आपटून बघणारे प्रोग्रॅम येतात, रात्रंदिवस. तुमचं गाव लहान असल्याचं त्यांना काही नसतं.

तरी विंडोजला पासवर्ड लावाच. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं काढा, आबांच्या नावाने, आणि पोरासाठी साधं स्टँडर्ड खातं. एनीडेस्कच्या सुरक्षेच्या सेटिंग्ज अ‍ॅडमिनशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे त्या कोणी गमतीतही बदलू शकणार नाही.

दुसरं कुलूप एनीडेस्कचं. आधी ते नुसतं चालवलेलं आहे की रीतसर इन्स्टॉल केलेलं, ते बघा. इन्स्टॉल केलेलं हवं, नाहीतर विंडोज अ‍ॅडमिनची परवानगी मागतं तेव्हा तुमच्या हातात काही राहत नाही. सेटिंग्जमध्ये परवानग्यांचे प्रोफाइल असतात आणि प्रत्येक प्रोफाइलला स्वतंत्र पासवर्ड लावता येतो. हे लोक वापरतच नाहीत! आपल्या जुन्या घराचा विचार करा. कोणाला पडवीपर्यंत, कोणाला ओटीवर, कोणाला माजघरात. सीएंच्या ऑफिसला स्क्रीन बघू द्या, हवं तर फाइल नेऊ द्या, पण कीबोर्ड-माऊस कशाला? भाच्याला काय लागतं ते त्यालाच विचारा, बहुतेक नुसतं बघायचं असतं. तुम्हाला कीबोर्ड, माऊस, कॉपी-पेस्ट, मशीन रीस्टार्ट. समोरच्याचा कीबोर्ड अडवणं आणि स्क्रीन काळा करणं या दोन परवानग्या कोणालाही देऊ नका, स्वतःलासुद्धा. मशीनवर जे चाललंय ते तिथल्या माणसाला दिसलं पाहिजे.

बसवून देणाऱ्याला काहीच नको. त्याचं काम २०१९ मध्येच संपलं. (मी पण बसवून देणाराच आहे. काम झालं की गिऱ्हाईकाला माझ्यासमोर पासवर्ड बदलायला लावतो. अर्धे म्हणतात, राहू दे रे, तू घरचाच.)

आणखी एक, ज्या नंबरांनाच जोडता येईल अशी यादीही करता येते. तुमचा नंबर, सीएंचा नंबर, बस. यादीबाहेरच्याला घंटीच वाजवता येत नाही.

तिसरं टॅलीचं. ऑल्ट आणि के दाबून कंपनीच्या मेनूत वापरकर्ते आणि पासवर्ड लावता येतात. प्रत्येकाला वेगळं नाव. टॅलीप्राइम २.१ पासून एडिट लॉग आहे, कुठलं व्हाउचर कोणी कधी बदललं ते दिसतं. पण सगळेच एका नावाने आले तर लॉग काय सांगणार? ४१२ चं ४१२२ कोणी केलं हे आज तुम्हाला टॅली सांगू शकत नाही, त्याचं कारण एवढंच. फक्त टॅलीव्हॉल्टचा (कंपनीचा सगळा डेटा कुलूपबंद करणारा) पासवर्ड लावायचा तर विसरायचा नाही. तो विसरला की डेटा गेला, कोणीही परत काढून देत नाही.

तिरफळ

मिस्त्रीबुवांचं बाकी पटलं, पण मुळात कोणी नसताना आत येण्याचा पासवर्ड हवाच कशाला? तो बंद करा. दिवसा पोरगा बसलेला असतो, त्याने 'स्वीकारा' दाबायचं, मग आत. काम झालं की बाहेर. आमच्या मालवणच्या ऑफिसात असंच आहे. कोणी आलेलं सगळ्यांना दिसतं आणि चहा पिता पिता 'कोण रे तो?' हेही विचारता येतं.

काजूगर

तिरफळ, तुमचं म्हणणं बरोबर, पण मी रात्री साडेदहाला बसते. तेव्हा 'स्वीकारा' दाबायला फक्त राखणदार असतो, आणि तो आता त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नाही.

मिस्त्रीदादा, पोराने फाइलचा फोटो पाठवला. हात थरथरत असावेत, फोटो हललाय, पण वाचता येतं. शनिवारची ओळ आहे! टोकनने आलेलं आहे. नंबर माझा नाही, भाच्याचा नाही (त्याला विचारलं, जरा रागावूनच सांगितला), सीएंच्या ऑफिसातल्या दोन मशीनचेही नाहीत. त्याच नंबराच्या आधीच्याही पुष्कळ ओळी आहेत, पण त्या सगळ्या गेल्या वर्षीच्या. मग मध्ये कित्येक महिने काहीच नाही आणि एकदम शनिवार.

मिस्त्री_कणकवली

गेल्या वर्षी नेहमी येणारा, मध्येच थांबलेला, आणि टोकन अजून चालणारा. तो चोर नाही वाटत. चोर नवा नंबर घेऊन येतो. ताई, चिपळूणला गेल्यावर तुम्ही कॉम्प्युटर बदललात का?

भरतीओहोटी

मूळ प्रश्नाचं मिस्त्रींनी सांगितलंय, मी पावसाळ्याचं सांगतो. आमचं हर्णैला छोटं हॉटेल आहे आणि बुकिंगचं मशीन मी पुण्याहून बघतो. पासवर्ड, परवानग्या सगळं मस्त लावलं आणि जूनच्या पहिल्याच वादळात लाइट गेली. यूपीएसने वीस मिनिटं तग धरली, मग मशीन झोपलं. लाइट आली, मशीन बंदच. चार दिवस कोणी बटण दाबायला नाही. बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मशीनच्या सेटिंग्ज) एक सेटिंग असते, वीज परत आली की आपोआप चालू व्हावं अशी. ती लावून घ्या. विंडोजचं स्लीपही बंद. एनीडेस्क इन्स्टॉल केलेलं असेल तर विंडोजचा पासवर्ड टाकायच्या आधीच चालू होतं, म्हणजे लॉक स्क्रीन तुम्हाला चिपळुणातूनच उघडता येईल.

आता माझी फजिती. पासवर्ड बरोबर, तरी आत घेईना. दोन तास डोकं फोडलं. तिथल्या माणसाने मराठी कीबोर्ड लावून ठेवला होता आणि लॉक स्क्रीनवर तोच चालू होता! पासवर्डाचे ठिपकेच दिसतात, अक्षरं कळणार कशी? कोपऱ्यात भाषा लिहिलेली असते, ती आधी बघायची.

आणि वायरचं नेट गेलं की मोबाइलच्या डोंगलवर जाता ना? तिथे तो राउटरवर पोर्ट उघडायचा खटाटोप मुळात चालतच नाही, कारण बाहेरचा एक पत्ता कंपनी अनेक गिऱ्हाइकांत वाटून देते. एनीडेस्कसारखी अ‍ॅप्स मधल्या सर्व्हरमार्फत जोडतात म्हणून चालतात. फक्त एनीडेस्क धंद्यासाठी फुकट नाही, परवाना लागतो. क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आहे, पण त्यात सगळा भार तुमच्या गुगल खात्यावर आणि कमीत कमी सहा आकड्यांच्या पिनवर. माणसागणिक वेगळ्या परवानग्या तिथे नाहीत.

काजूगर

सापडलं.

मिस्त्रीदादांचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. बदली झाली तेव्हा यांनी मला नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. जुना नणंदेच्या मुलाला दिला, रत्नागिरीला. आठवीत आहे. हे म्हणाले होते, फॉरमॅट करून दे. मी फोटो तेवढे काढून घेतले आणि दिला. गणपतीची खरेदी, सामानाची बांधाबांध, कुठे फॉरमॅट करत बसू.

काल नणंदेला फोन केला. आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग म्हटलं जरा त्याला दे. त्याला एनीडेस्क उघडून नंबर वाचायला सांगितला. एकेक आकडा वाचत गेला आणि मी फोटोतला नंबर बोटाने पुढे सरकवत गेले. शेवटचे तीन आकडे ऐकायच्या आधीच कळलं होतं.

पोराने सांगितलं ते असं: शनिवारी आईबाबा लग्नाला गेलेले, नेट आहे, गेम उतरवायचाय. लाल चौकोनाचं चित्र दिसलं, आत 'काजू ऑफिस' असं नाव. दाबलं तर दुसराच कॉम्प्युटर उघडला. त्याला वाटलं गेमच आहे. थोडा वेळ इकडेतिकडे टिचक्या मारल्या, दोनचा आकडा दाबून बघितला, कंटाळा आला, बंद केलं. "मामी, तिथे नुसते आकडेच होते."

त्या लॅपटॉपवर मला रोज एनीडेस्कचा पासवर्ड टाकावाच लागत नव्हता. पहिल्यांदा टाकताना टिक केली होती, तेवढीच.

आबांना फोन करून सगळं सांगितलं, माझी चूक म्हणूनच सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे गाऱ्हाणा फुकट गेला." मी म्हटलं फुकट कसं, चार दिवसांत उलगडा झाला. त्यावर हसले. पोराला मी स्वतः फोन केला. तो फक्त "बरा" म्हणाला, पण भाच्याने अजून त्याला काही म्हटलेलं नाही, ते मला खुपतंय.

आता काल केलं ते सांगते, कुठे चुकलं असेल तर बोला. पोर तिकडे, मी फोनवर. एनीडेस्कचा पासवर्ड बदलला आणि टोकनं पुसायचं बटणही दाबलं. कोणी नसताना आत यायचं प्रोफाइल फक्त माझं. सीएंचं ऑफिस तिरफळांच्या पद्धतीने, पोराने 'स्वीकारा' दाबलं तरच, आणि नुसतं बघायला. भाचा म्हणाला मला पूर्ण पाहिजे, मालकाचा माणूस आहे मी. आबांना विचारलं. आबा म्हणाले, "तेका बघूक दी, हात लावूक नको." हे मी नाही, आबा म्हणाले, म्हणून बरं झालं. विंडोजला दोन खाती. टॅलीत चार नावं. यूपीएसवरची चिकटपट्टी निघाली नाही, मग पोराने वर कालनिर्णयचं पान चिकटवलं.

नणंदेच्या घरचा लॅपटॉप पुढच्या आठवड्यात जाऊन फॉरमॅट करणार आहे. ती विचारते, "अगं पण तुझा कॉम्प्युटर माझ्या पोराने बिघडवला का?" काय सांगू तिला.

मिस्त्री_कणकवली

शंभर टक्के बरोबर केलंत. तीनच गोष्टी उरल्या. त्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये तुमचे आणखी पासवर्ड साठवलेले असणार, ईमेल, बँक, सगळे. फॉरमॅट पुढच्या आठवड्यात, पण ते पासवर्ड आज रात्री बदला. दुसरं, तुमच्या प्रोफाइलला मोबाइलच्या अ‍ॅपमधला सहा आकडी कोडही लावा, म्हणजे नुसत्या पासवर्डाने भागत नाही. तिसरं, विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आबांना नव्या विंडोजसाठी हळूहळू तयार करा.

पासवर्ड दर महिन्याला बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटीनेही (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०१७ पासून तो आग्रह सोडलाय. लांब ठेवा आणि माणूस सोडून गेला किंवा मशीन हातातून गेलं की बदला. आबांचा अ‍ॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत, बंद पाकिटात. यूपीएसवर नको.

काजूगर

ईमेल आणि बँकेचे झाले, आत्ताच बसून केले. आबांचा पासवर्ड पण ठरला. मी म्हटलं लांब पाहिजे, लक्षात राहील असा पाहिजे, तर एका क्षणात म्हणाले, 'व्हय महाराजा', मधली जागा न सोडता, इंग्रजी अक्षरांत, पुढे कारखाना सुरू केल्याचं साल. पोराने लावूनही टाकला.

तिरफळ

ताई, इथे लिहिलात. दुसरा घ्या.

काजूगर

अरे देवा. फोन लावते.